राहून गेलेलं भाषांतर

प्रिय आई,

नमस्कार करते, पण आज जरा भांडायच्या पवित्र्यात आहे हे आधीच सांगून ठेवते. तुम्हाला जाऊन या ऑगस्टमध्ये वर्ष झालं. वर्षभर मी तुमच्या फोटोसमोर उभी राहून मनातल्या मनात माफी मागत होते, आणि काल कळलं की जिची माफी मागत होते ती बाई सगळं ओळखून बसली होती! आता माफी मागू की जाब विचारू, तुम्हीच सांगा.

काल दानुता आली होती. तुमची दानुता, स्ट्रॉबेरीच्या शेडमध्ये खोकी भरणारी, माझ्या गुरुवारच्या इंग्रजीच्या वर्गातली. ती कायमची पोलंडला परत निघाली आहे. निरोप घ्यायला म्हणून आली, चहा प्यायली, आणि निघताना दारात थांबून तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगून गेली. ती काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण मला माझ्या क्रमाने सांगू द्या. आणि माझा क्रम माझ्या खोटं बोलण्यापासून सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बाईंनी जे सांगितलं, ते मी तुम्हाला सांगितलं नाही. त्यांचं इंग्रजी मी मराठीत करून सांगायचं होतं. मी दुसरंच काहीतरी सांगितलं. झालं, लिहिलं एकदाचं.

तुम्ही आलात तो दिवस आठवतो? सगळ्या मिरजेला 'लंडनला चालले' म्हणून सांगून आला होतात. हेमंतने विमानतळावरून गाडी काढली ती तीन तास चालवत सॉमरसेटमधल्या आपल्या गावात आणली. एक चर्च, एक पब, एक पोस्ट, दिवसातून दोन बस, आणि जिकडे बघावं तिकडे मेंढ्या. तुम्ही खिडकीतून बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "अगं, हे तर आमच्या मालगावाहून लहान आहे की!"

खरं तर हेमंतला ब्रिस्टलमध्ये राहता आलं असतं, त्याची नोकरी तिथेच. गावात राहायचा हट्ट माझा. सांगलीच्या कॉलेजात मी दहा वर्षं इंग्रजी शिकवलं होतं आणि इथे आल्यावर दोन वर्षं घरात नुसती बसून होते. मग काउन्सिलने याच गावात शेतावरच्या कामगारांना इंग्रजी शिकवायचं काम दिलं. इंग्रजांच्या देशात इंग्रजी शिकवायला मिरजेची सून! याचं तुम्हाला कोण कौतुक. फोनवर तुमच्या बहिणीला, मावशींना, सांगताना तुम्ही आवाज इतका चढवायचात की पलीकडच्या बंगल्यातला कुत्रा भुंकायला लागायचा.

वर्ग गावाच्या हॉलमध्ये भरायचा. दिवसभर प्लास्टिकच्या लांबलचक मांडवांखाली वाकून स्ट्रॉबेरी तोडलेली माणसं संध्याकाळी तिथे येऊन बसायची. पोलंडची, लिथुएनियाची, एक-दोन पोर्तुगालची. बोटं लाल, डोळे झोपाळलेले. तुम्ही पहिल्या गुरुवारी माझ्याबरोबर आलात ते घरी एकट्याने कंटाळा येतो म्हणून. तुमचं नाव मी रजिस्टरमध्ये घातलं नाही. नियमात बसत नव्हतं, असं मी तुम्हाला सांगितलं, आणि ते तेव्हा खरंही होतं. पण पुढच्या वर्षी बसत होतं. मी विचारलंच नाही कुणाला. माझ्या डोक्यात तुम्ही चहाच्या मोठ्या भांड्याशेजारच्या खुर्चीतच होतात, सगळ्यांना चहा देणाऱ्या, गोड हसणाऱ्या माझ्या सासूबाई.

तीस वर्षं बालवाडी चालवलेल्या बाईला मी चहावर बसवलं! तुम्ही मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हतात. परत येताना गाडीत माझी शिकवणी सुरू व्हायची.

"तू फार बोलतेस, वैशाली."

"आई, शिक्षक बोलणारच ना?"

"प्रश्न विचारतेस आणि उत्तर पण तूच देतेस. त्या उंच माणसाच्या तोंडात शब्द येत होता, तेवढ्यात तू तो त्याच्या तोंडातून काढून घेतलास. पोरांना जरा अडकू द्यावं. अडकलं की शिकतंय."

"आई, ही पोरं नाहीत, पन्नाशीची माणसं आहेत."

"मग तर जास्तच थांबायचं."

मी हसण्यावारी न्यायची. मनातून रागही यायचा. एम.ए. झालेल्या, इथलं सर्टिफिकेट काढलेल्या माणसाला बालवाडीतल्या युक्त्या कशाला, असं वाटायचं. पण दानुताला 'उजवीकडे वळा, सरळ जा' हे येईना, तेव्हा तुम्ही उठून खुर्च्यांचा रस्ता मांडलात, पदर खोचलात आणि त्या दांडग्या बाईला हाताला धरून हॉलभर फिरवलंत. सगळा वर्ग ओरडत होता, लेफ्ट, लेफ्ट, नो राइट! त्या दिवसापासून तुम्ही दोघी एकमेकींना चिकटलात. तिला मराठी येत नव्हतं, तुम्हाला पोलिश येत नव्हतं, आणि दोघींचं मिळून एक इंग्रजी होतं.

तुमच्या वहीबद्दल मला सगळ्यात जास्त लाज वाटते. सगळ्यांच्या वह्या मी घरी आणून तपासायची. तुमचीही त्यात असायची, नेहमी सगळ्यात खाली. मी ती उघडायची, कोपऱ्यात एक चांदणी काढायची आणि मिटून ठेवायची. वाचत नव्हते हो! आई काय, हौस म्हणून गिरवतात, एवढंच मनात. तुम्ही ती चांदणी बघून खूश व्हायचात असं मला वाटायचं. चांदण्या कशा वाटतात हे बालवाडीच्या बाईंना कळत नसेल का?

आता हॉस्पिटल.

हेमंत तेव्हा कंपनीच्या कामाने फ्रान्सला गेला होता. तुमचं पोटात दुखणं आणि वजन उतरणं चालू होतं, तपासण्या झाल्या होत्या, आणि त्या दिवशी रिझल्ट होते. नर्सने आधीच विचारलं की दुभाषी बोलवू का, फोनवरून मिळतो. मी छाती काढून म्हणाले, नको, मी स्वतः इंग्रजीची टीचर आहे. काय तो तोरा!

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि माझ्याकडे न बघता तुमच्याकडे बघून बोलायला लागल्या. सावकाश, सोपं, एकेक वाक्य. शिक्षक म्हणून मला तेव्हाही जाणवलं की ही बाई किती छान बोलते, माझ्या वर्गातल्या माणसांनाही समजेल असं. पण ते तुम्हाला समजत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुम्ही मांडीवर हात ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत होतात. मला वाटलं, आई नुसत्या सभ्यपणे बघताहेत.

त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, आता तुम्ही सांगा. मी तुमच्याकडे वळले. तोंड उघडलं, आणि आई, ते शब्द मराठीत येईनात. आपल्याकडे कुणी सांगतं का असं माणसाच्या तोंडावर? माझ्या वडिलांना आम्ही शेवटपर्यंत अल्सर म्हणून सांगितलं. काकूला सांगितलं कावीळ आहे. घरातले सगळे बाहेरच्या खोलीत रडून, तोंड धुऊन आत यायचे. मला तेवढीच एक रीत माहीत होती. मी म्हणाले, "आई, पोटात सूज आहे. गोळ्या देताहेत. थोडा वेळ लागेल, पण आराम पडेल."

डॉक्टर बाईंनी भुवया वर केल्या. "एवढंच? मी तर बरंच बोलले."

"मराठीत थोडक्यात होतं," मी म्हणाले. हसून म्हणाले!

बाहेर कॉरिडॉरमध्ये तुम्ही कोटाची बटणं लावत विचारलंत, "एवढंच म्हणाल्या?" मी हो म्हणाले. तुम्ही म्हणालात, "बाई चांगली होती. समजावून सांगत होती." आणि मग मला म्हणालात की भूक लागली असेल, चल, काहीतरी खाऊ. मला वाटलं, सुटले.

हेमंत परत आल्यावर आमचं जोरात भांडण झालं. तुम्ही वर झोपला होतात, आम्ही गाडीत बसून भांडलो, काचा वर करून. तो म्हणत होता, "वैशाली, धिस इज नॉट राइट. तिला सांगायला हवं. इट्स हर लाइफ, यार!" मी म्हटलं, त्या खचतील, खाणं सोडतील, सहा महिन्यांचे दोन होतील. तो म्हणाला, "तू तिला ओळखत नाहीस." मी म्हणाले, "तू मुलगा आहेस म्हणून तुला कळत नाही." शेवटी मी त्याच्याकडून वचन घेतलं. आईसमोर विषय काढायचा नाही, चेहरा पाडायचा नाही. त्याने ते पाळलं, आई. नऊ महिने पाळलं. संध्याकाळी तुमच्या पायाशी बसून तो क्रिकेटचे स्कोअर सांगायचा आणि तुम्ही ऐकायचात.

मार्चमध्ये मला धास्ती होती की तुम्ही मिरजेला जायचं काढाल. दर मे महिन्यात मावशींकडे जायचं ठरलेलं. मी कारणं शोधत होते. आणि एका सकाळी मोहरी फोडणीला टाकता टाकता तुम्हीच म्हणालात, "या वर्षी नको बाई तेवढा प्रवास. पुढच्या वर्षी बघू." मला इतकं हायसं वाटलं! तुम्ही माझी सुटका करत होतात हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

तेव्हा तुम्ही दर मंगळवारी दानुताबरोबर पोस्टात जायचात. दानुताची त्या दिवशी सुट्टी असायची. मला बरं वाटायचं, तेवढाच चालण्याचा व्यायाम. आणि जुलैमध्ये, तुम्हाला उठवेनासं झालं तेव्हा, मी न सांगताच गावच्या डॉक्टरांकडून घरी नर्स यायला लागली, वर-खाली होणारी कॉट आली, दुखण्यावरचं औषध वेळेआधी आलं. मी सगळ्यांना सांगत सुटले की बघा, इथली सिस्टिम किती चांगली. तुम्ही अंथरुणात पडून ते ऐकत होतात आणि एक अक्षर बोलला नाहीत!

काल दानुता दारात म्हणाली, "टीचर, मी प्रॉमिस केलं होतं की सांगणार नाही. पण आता मी जाते आहे, आणि हे बरोबर घेऊन जायला मला जड वाटतं." मग तिने सांगितलं. मंगळवारी तुम्ही पोस्टात जात नव्हतात. तुम्ही दोघी गावच्या दवाखान्यात जात होतात. हॉस्पिटलमधल्या त्या दिवसानंतर दोनच आठवड्यांनी तुम्ही पहिल्यांदा गेलात. वहीत प्रश्न लिहून नेले होते. ती वही, चांदण्यांची! त्यात दर आठवड्याला तुम्ही डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहीत होतात, दुखेल का, किती दुखेल, घरीच राहता येईल का. आणि मी वर चांदणी काढत होते. डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत की घरच्यांना कळवू नका, आणि इथे पेशंटने नाही म्हटलं की डॉक्टर घरच्यांनाही सांगत नाहीत. कॉट तुम्ही मागवली होतीत. नर्स तुम्ही मागितली होतीत. स्वतःच्या तोंडाने, इंग्रजीत.

मी दानुताला विचारलं, का? मला का नाही सांगितलं? दानुता तुमची नक्कल फार छान करते, माहीत आहे ना? तिने पदर सारखा केल्यासारखं केलं आणि तुमच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर से, नो क्युअर. आय अंडरस्टँड. ऑल. वैशाली से, स्मॉल प्रॉब्लेम. वैशाली गुड गर्ल. व्हेरी अफ्रेड. यू नो टेल."

तिने तुम्हाला मिरजेचंही विचारलं होतं म्हणे, घरी का जात नाहीस? तर तुम्ही म्हणालात, "सिस्टर क्राय, आय क्राय. हिअर नो टाइम क्राय. थर्सडे क्लास." आम्ही दोघी दारात उभ्या राहून रडलो आणि हसलोही. पण मग ती आणखी एक वाक्य बोलली. ते शेवटच्या महिन्यातलं होतं. "हेमंत आस्क, आय टेल. आय वेट. हेमंत नो आस्क."

आई! तुम्ही वाट बघत होतात?

तो क्रिकेटचे स्कोअर सांगत होता आणि तुम्ही वाट बघत होतात? एकदा तरी त्याचा कान धरायचा होता. सांगायचं होतं, अरे गाढवा, मला सगळं माहीत आहे, बोल माझ्याशी. का नाही बोललात? माझं खोटं उघडं पडेल म्हणून? सून तोंडघशी पडेल म्हणून? एवढा मोठेपणा कुणी सांगितला होता हो करायला? मला तो झेपत नाही. तुम्ही मला वाचवलंत आणि त्यात तुमचा मुलगा राहून गेला.

तुम्हाला माहीत नसेल, पण पहिला फोन सोडला तर वर्षभरात त्याने मावशींचा फोन एकदाही घेतलेला नाही. घंटी वाजली की बागेत जातो. कारण त्या पहिल्याच फोनला त्यांनी विचारलं होतं, "ताईला कळलं होतं का रे?" त्याने फोन ठेवून दिला होता. तुम्हाला फसवून पाठवलं असं त्याला वाटतं. मला एका शब्दाने दोष देत नाही, तेवढ्यापुरता तो तुमच्यावर गेलाय.

आणि माझी कमाल ऐका. कालपासून मी मनात त्याच्यासाठी वाक्यं जुळवते आहे. 'हेमंत, आईंना सगळं माहीत होतं. त्या शांत होत्या. त्यांची काही तक्रार नव्हती.' इथे पूर्णविराम. किती सोयीचं! तो सुटेल, मावशी सुटतील, मीही सुटेन. शेवटचं वाक्य तेवढं गाळायचं. आज सकाळी भांडी घासताना माझं माझ्याच लक्षात आलं की मी पुन्हा तेच करते आहे.

म्हणून आधी तुमचं भाषांतर देते. तुम्हाला गरज नाही, मला आहे. डॉक्टर बाई त्या दिवशी म्हणाल्या ते असं. "मला तुम्हाला वाईट बातमी सांगायची आहे. तुमच्या पोटात, स्वादुपिंडात कॅन्सर आहे. तो यकृतातही गेला आहे. आम्ही तो काढू शकत नाही आणि बरा करू शकत नाही. तुमच्याकडे बहुधा काही महिने आहेत, वर्ष नसेल. तुम्हाला दुखू नये यासाठी आम्ही खूप काही करू शकतो आणि करू. तुम्हाला कुठे राहायचं आहे, कुणाला भेटायचं आहे, हे तुम्ही ठरवा, त्यात आम्ही मदत करू. मला फार वाईट वाटतं." आणि मग त्यांनी मला विचारलं, "यांना काही विचारायचं आहे का?" मी तुमच्याकडे वळलेसुद्धा नाही. मी म्हणाले, "नाही, काही नाही."

हे होतं, आई. यातलं एक अक्षरही मराठीत न येण्यासारखं नव्हतं.

हेमंत सहाच्या सुमाराला येतो. आज त्याला बसवून सगळं सांगणार आहे, दवाखाना, वही, कॉट, दानुता. तो चिडेल. मला म्हणेल की मी सांगत होतो तुला, आणि ते खरंच आहे. कदाचित बरेच दिवस माझ्याशी बोलणार नाही. रडला तर रडू देईन, पाण्याचा पेला घेऊन मध्ये धावणार नाही. मग त्यालाच मावशींना फोन लावू दे, मी शेजारी बसेन आणि तोंड बंद ठेवेन.

वचन देते, आई, यात मी काहीही गाळणार नाही. तो विचारेल याची तुम्ही वाट बघत होतात, हेही त्याला सांगेन.

तुमची,
वैशाली